हरभरा राखणाऱ्याची सफारी

मेळघाटच्या सफारीचं बुकिंग मी आधी केलं आणि माणसांना नंतर विचारलं. माझं सगळंच असं उलटं. जिप्सीत आम्ही चौघं जाणार होतो: मी, आमचे हे, माझी मोठी ताई आणि भाऊजी. आम्ही दोघं अमरावतीत नोकरीवाले. ताईचं सासर परतवाड्यापासून जीपनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण उशाशी असलेलं जंगल तिनं कधी आत जाऊन पाहिलेलं नव्हतं.

वाघ हे निमित्त होतं. खरं कारण भाऊजींची झोप.

त्या साली कपाशी बोंडअळीनं खाल्ली. सोयाबीन त्याआधीच गेलं होतं. उरला हरभरा, आणि त्याच्यावर रोज रात्री रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी. दिवाळी झाल्यापासून भाऊजी जागलीवर होते. वावरात मचाण बांधलेलं, त्यावर बसून रात्रभर डबा बडवायचा, ओरडायचं, बॅटरी फिरवायची. सकाळी घरी येऊन अंग टाकायचे, पण डोळ्याला डोळा लागायचा नाही. गल्लीत कुत्रं भुंकलं तरी ताडकन उठून बसायचे. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण.

ताईनं मला फोनवर एकदाच सांगितलं. "रोज पहाटं वावरात चहा न्या लागते. चहाचं नुस्तं नाव हाये वं. मचाणावर माणूस हालताना दिसला का मंग जीव भांड्यात पडते."

त्या वर्षांत आमच्या भागात कोणाच्या वावरातून कोणती बातमी येईल, काही नेम नव्हता. त्यामुळे मी पुढं काही विचारलं नाही. फोन ठेवला, बाथरूममध्ये जाऊन रडले, नाक पुसलं आणि सफारी बुक केली.

रविवारी गावी जाऊन भाऊजींना गळ घातली. "भाऊजी, चाला ना मेळघाटात. गवा दिसते, अस्वल दिसते. रोही तर कळपानं. रानडुकरं अशी रस्त्यात आडवी येतेत." हे मला कोपरानं ढोसत होते, पण मी एकदा सुटले की सुटलेच.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मला नोकरी लागल्यापासून ते मॅडमच म्हणतात. "मॅडम," ते म्हणाले, "थे तं आमच्या इथं फुकट दिसतेत. पैसे देऊन कायले पाह्यले जाचं?"

ताई पदर तोंडाला लावून हसली. ती हसली म्हणूनच ते हो म्हणाले असावेत, कारण माझ्या बोलण्यात तर काही दम नव्हता. जंगलाच्या गेटाजवळ एक रात्र मुक्काम होता, त्या रात्री शेजारच्या वावरातले म्हातारबुवा दोन्हीकडची राखण करणार असं ठरलं. जागलीत एकमेकांची रात्र अशी घेतात आणि नंतर फेडतात.

मग ताईचे रोज फोन. लुगडं कोणतं नेसू? मी म्हटलं, लाल नको, भडक नको, अत्तर नको, आणि आत गेल्यावर बोलायचं नाही. "मंग जाचं तरी कायले?" डबा किती माणसांचा करू? मी म्हटलं, आत खायचं नसतं. "सकाळपासून उपाशी? आपुन वाघ पाह्यले चाललो का वाघाले आपुन दाखवाले?" शेवटी तिनं चौघांना दोन दिवस पुरतील एवढे धपाटे केलेच.

जायच्या दिवशी दुपारी आम्ही भाड्याची गाडी घेऊन गावी पोचलो, तर भाऊजी वावरातल्याच कपड्यांत. म्हातारबुवा तापानं फणफणले होते. "त्याहीचं वावर बी आज माह्याकडंच हाये," भाऊजी म्हणाले. "हरभऱ्याचे घाटे भरून राहिले. एक रात्र सोडली तं सकाळी नुस्ते खुंट राहतीन. तुमी तिघं जा."

धपाट्यांच्या डब्याचं झाकण ताईनं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ते पाहून माझं डोकंच फिरलं.

"जागल आमी करतो," मी म्हटलं. "मी आणि हे."

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना विकायला काढलं.

"मॅडम, डबा वाजवता येते का?" भाऊजींनी विचारलं.

"सरकारी नोकरीत दुसरं काय करून राहिली मी इतकी वर्षं?"

तरी ते नाही नाहीच म्हणत होते. पण ताईनं चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली. मग अर्धा तास मला शिकवणी. डुकरं कोणत्या धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून येतात, बॅटरी कुठं मारायची. "काई झालं तरी खाली उतरू नका, डुक्कर अंगावर येते." गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर ते खिडकीतून हरभऱ्याकडंच पाहत होते.

त्या रात्रीचं फार सांगत नाही. हे घोरले, मी डबा बडवला, दोन तासं डुकरांनी साफ केली. तास म्हणजे पिकाच्या ओळी. पण मचाणावर माणसाला स्वतःशिवाय बोलायला कोणी नसतं, हे मला तिथं कळलं. एका रात्रीत माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. भाऊजी तिथं तीन महिने बसत होते. मला त्यांच्या जिवाची भीती वाटली आणि फार माया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परतले. भाऊजी थेट वावरात गेले आणि खाल्लेली तासं पाहून आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते आंघोळीला गेल्यावर ताईनं चुलीपुढं बसून मला सगळं सांगितलं.

रात्री जंगलाच्या गेटाजवळच्या खोलीतही ते झोपले नव्हते, पायरीवर बसून होते. सकाळी जिप्सी आत शिरली आणि सागाच्या झाडांत रोही दिसला. गाईडनं हळूच बोट दाखवलं. गाडी थांबली. आणि भाऊजी सीटवर उभे राहून सगळा जीव एकवटून ओरडले, "हाऽऽड, हाऽऽड."

रोही उधळला. गाईड चिडला. "काका, इथं ओरडायचं नसतं." भाऊजी एवढेसे होऊन खाली बसले. मग त्यांनी गाईडला विचारलं, "इथं राखाले कोन असते?"

"इथं काय राखायचं काका? हे सगळं त्यांचंच आहे. खाऊ द्यायचं."

"पाचच मिन्टं झाले असतीन," ताई म्हणाली. "माह्या खांद्यावर मान पडली त्याहीची. घोरूनच राहिले वं."

"बरं झालं," मी म्हटलं. "आणि वाघ?"

तिनं आधी न्हाणीकडं पाहिलं, मग आवाज बारीक केला. "दिसला. रस्त्यावरच आला, अथून त्या तुळशीइतका दूर. पाह्यतच राहिला आमच्याकडं. गाईड माह्या कानाशी म्हणे, काकू, काकांना उठवा, जन्मात पुन्हा दिसणार नाही."

"मग?"

"मी हातानंच चूप केलं त्याले. वाघ गेला निंघून. मंग डायवरले म्हटलं, भाऊ, आता काई दाखवू नको. गाडी हळू घे, अन् खड्डे चुकव."