झाकणावरचे दोन तळवे

या सदरातले अनुभव मी वाचतो ते खरं तर चुका काढायला. कुठे उजेड कमी होता, कुठे माणूस उपाशी होता, कुठे ऐकीव गोष्टीला मीठमसाला लागला... बायको म्हणते, तुम्ही गोष्ट वाचत नाही, चौकशी बसवता! रसायनीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं सेफ्टीला आहे, त्याचा गुण. काही घडलं, किंवा घडता घडता राहिलं, की आमच्याकडे फॉर्म भरतात आणि त्यातला ‘कारण’ हा रकाना मोकळा सोडलेला चालत नाही. मागच्या दसऱ्याचा तो रकाना मला अजून भरता आलेला नाही, म्हणून लिहितोय.

माझा थोरला भाऊ नाना कर्जतहून कोंडाण्याला जाताना लागणाऱ्या एका फार्महाऊसवर तीस वर्षं राखणीला होता. मालक वारले. आता त्यांची मुलगी, आम्ही तिला ताईच म्हणतो, सुट्टीला येते. तिला लहानपणी सायकल शिकवली ती नानाने. चार वर्षांपूर्वी तिने लाल स्पोर्ट्स कार घेतली. पहिल्याच दसऱ्याला नाना इंजिनाला हळदकुंकू लावायला पुढचं झाकण उघडून वाकला, तर आत नुसती रिकामी डिकी! इंजिन मागे. ताई हसून हसून खाली बसली. पण नाना कसला ऐकतो... “तोंड हिकडं हाय ना? मंग पूजा बी हिकडंच,” म्हणाला आणि त्या रिकाम्या डिकीची पूजा केली. तेव्हापासून दर दसऱ्याला तीच पद्धत पडली.

ते झाकण लावायची एक रीत होती. हलकेच खाली आणून टेकवायचं, मग पुढच्या कडेला मधोमध, लॉकच्या बरोबर वर, दोन्ही तळवे ठेवून खट्ट आवाज येईपर्यंत दाबायचं. नुसतं टेकवून सोडलं तर ते पहिल्या खटक्यावर अडकतं. लांबून बंद दिसतं, पण लागलेलं नसतं. मी एकदा धाडकन आपटलं, तर नाना केवढा कावला. “आपटतो काय रं? टेंपोचा फाळका हाय का तो?” तो स्वतः दाबताना उजवा अंगठा डाव्यावर चढवायचा. ती त्याची लकब.

दोन वर्षांपूर्वी नानाला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. एका हाताने झाकण लागेना. मग मला हाक मारायचा, “मन्या, तुझा येक हात दे रं.” त्याचा उजवा तळवा, माझा डावा, असं आम्ही दोघं मिळून एक झाकण लावायचो. त्या वेळी मला ते गमतीचं वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात नाना गेला.

दसऱ्याला सकाळी पूजेला मी उभा राहिलो. डिकीत हळदकुंकवाची बोटं लावली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. झाकण खाली टेकवलं आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. बोलत बोलत मी आंब्याखाली गेलो. ताईला पुण्याला जायची घाई. तिने गाडीचा फोटो काढला, मला हात केला आणि निघाली.

पंधरा मिनिटांनी हात धुऊन मोबाईल पाहिला. तिने निघताना पाठवलेला फोटो आला होता. लाल झाकण स्वच्छ, चकचकीत... आणि कडेला बोटभर फट! एक्सप्रेसवेच्या वेगात ते झाकण वाऱ्याने उघडलं तर थेट समोरच्या काचेवर येतं, पुढचं काही दिसत नाही. गाडी आत दिवा दाखवते खरी, पण सेन्सर बिघडल्यापासून तो कायमच पेटलेला असायचा. ताईने त्याकडे बघणंच सोडलेलं.

फोन लावत राहिलो, उचलेना. बाईक काढली. कर्जत, पळसदरी, खोपोली... वाटेत मी कोणाला काय बोललो, आठवत नाही. एकच डोक्यात होतं, नानाने सायकल शिकवलेली पोर आज माझ्या हलगर्जीपणाने जाणार.

खोपोलीच्या शिळफाट्याला दसऱ्याच्या गर्दीत कडेला लाल गाडी दिसली. ताई आतच बसलेली. “दादा, अहो अकरा मिस्ड कॉल! आत्ताच बघून थांबले. झालं काय?”

मी पुढे गेलो. झाकण गच्च लागलेलं होतं. आणि कडेला, बरोबर मधोमध, हळदीचे दोन तळवे उमटले होते. उजवा अंगठा डाव्यावर चढलेला.

“कोणी हात लावला का?” मी विचारलं.

“कोणी नाही. मी वाटेत कुठे थांबलेच नाही,” ती म्हणाली. “पळसदरीजवळ गाडी पुढून जराशी दबल्यासारखी वाटली. खड्डा असेल म्हटलं.”

मी माझा हात त्या ठशावर धरला. बोटं पेरभर आखूड पडली. शिवाय पूजा मी अनामिकेने केली होती, माझ्या तळव्याला हळद लागलीच नव्हती. आधी लाज वाटली, सेफ्टीवाला म्हणवतो आणि... मग रस्त्यातच रडू फुटलं. ताईने उतरून ते ठसे पाहिले.

चौकशी मी अजून करतोय. गर्दीत कोणी भल्या माणसाने दाबलं म्हणावं, तर चालत्या गाडीला? धक्क्याने आपोआप लागलं म्हणावं, तर हळद कुठून आली? रकाना मोकळाच आहे.

संध्याकाळी कर्जतला वहिनीला सोनं द्यायला गेलो, तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती आपट्याची पानं हातात धरून ऐकत राहिली.

“भावजी, दोनी हात उमटले व्हते?”

“दोन्ही.”

“डावा बी? पाची बोटं?”

“पाचीच्या पाची, वहिनी.”

तिने ती पानं नानाच्या फोटोपुढे ठेवली.

“मंग त्यांचा हात बरा झाला म्हणायचा,” म्हणाली आणि डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली.