बोटांच्या बेचक्यातलं खोबरेल

आमच्या कोल्हापुरात दुधाच्या कट्ट्यावर काही लपवायची सोय नाही. संध्याकाळी म्हैस आणून बांधायची, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि धार थेट त्याच्या ग्लासात पडते. पाणी घालायला मध्ये जागाच नाही, म्हणून तर लोक पुलाखालून, पेठांतून चालत येतात. वीस वर्षं मी त्या कट्ट्यावर धार काढतेय. माझ्या हाताकडे बघून दूध नाकारणारा माणूस मला वीस वर्षांत भेटला नव्हता. तो गेल्या पावसाळ्यात भेटला.

बोटांची बेचकी पांढरी पडली होती. भिजवलेल्या पोह्यासारखी कातडी, खाली लालभडक मांस, आणि खाज अशी की जेवताना घास टाकून खाजवावं. मी हात पदराआड धरून दिवस काढत होते. त्या संध्याकाळी एक नेहमीचे पाव्हणे ग्लास पुढं करता करता थांबले. "वहिनी, हाताला काय झालंय? आज ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि ग्लास कठड्यावर ठेवून निघून गेले.

माणूस खरं बोलत होता. म्हणूनच जास्त झोंबलं.

मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सगळ्यांदेखत फर्मान सोडलं, "ऊठ तितनं. धार मी काढतो, तू ग्लासं धू." मी उठले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण गिऱ्हाइकापुढं तमाशा नको म्हणून गप्प बसले. माझ्या घराण्यात गप्प बसणं कुणाला जमत नाही, तेव्हा हे लिहून ठेवण्यासारखंच आहे.

पण म्हैस काही माझ्यासारखी गप्प बसली नाही. मालकांच्या हाताला ती पान्हाच सोडेना. त्यांनी चुचकारलं, पाठ थोपटली, पेंड पुढं केली, शेवटी तिच्या सात पिढ्या काढल्या. निम्मं दूध वर चढवून ती निवांत रवंथ करत उभी. आठ दिवस असंच चाललं आणि नवव्या दिवशी मालक म्हणाले, "असली आडमुठी म्हैस ठेवून काय पूजा करायची हाय? बाजार दाखवतो हिला." पारडी असल्यापासून मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. हात बरे झाले तर म्हैस राहणार होती, नाहीतर गेली. आणि हात तर घरी भांड्यांत, कट्ट्यावर ग्लासांच्या बादलीत!

माझं माहेर गगनबावड्याकडं. आईला फोनवर सगळं सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "रोपं लावायला चिखलात उतरायच्या आदी बायका पायाच्या बेचक्यात काय चोळत्यात? खोबरेल. इसरलीस व्हय गं?"

"आई, ते पायाला."

"मग हात काय शेजारणीचं हाईत?"

झालं. मी न्हाणीतली केसांच्या तेलाची बाटली उचलली. मोगऱ्याच्या वासाचं तेल. भांडी, ग्लासं विसळली की ओल्या हातावरच थापायचं, दिवसातून दहा वेळा. तिसऱ्या दिवशी हातांची आग आग. तरी खुमखुमी केवढी! सकाळी गोठ्यात मालक बाहेर गेलेले बघून म्हशीखाली बसले. तिनं मान वळवली, माझे हात हुंगले, एक फुरफुर केली आणि लाथ मारून बादली आडवी केली. नेमके मालक दारात. हसून हसून त्यांना खांब धरावा लागला. "आता तिला गजरा बी घाल की!"

मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून तशीच तडक कातडीच्या डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. बेचक्यातली कातडी हलकेच खरवडून तपासली आणि म्हणाल्या, "ही यीस्ट आहे, बुरशीतलीच एक जात. थोडी सगळ्यांच्याच अंगावर असते. ओल मिळाली की माजते. हात दिवसभर कशात असतात?"

"पाण्यात. आणि दुधात."

"दुधात कसे?"

मी दाखवलं. आमच्यात पहिली धार बोटांवर घेतात, बोटं ओली करतात, मग अंगठा दुमडून सड ओढतात. ओढायला सोपं जातं. सासूबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूनं. बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे या यीस्टची चाकरी तुम्हीच करताय!"

मी चाचरत खोबरेलाचं विचारलं. हसतील वाटलं, पण नाही हसल्या. "चालेल. पण बिनवासाचं, साधं. हात धुवा, पुसा, बेचकी पूर्ण कोरडी होऊ द्या, मग अगदी पातळ लावा. ओल्यावर तेल लावलं की ओल आत कोंडते. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर मलम, तेव्हा हट्ट चालणार नाही. आणि भांडी बंद."

"ते शेवटचं तेवढं कागदावर लिहा," मी म्हटलं.

येताना लाकडी घाण्यावरून खोबरेल घेतलं आणि घरी कागद मालकांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. पंधरा दिवसांची मुदत मी मागितली आणि मिळाली. त्या पंधरा दिवसांत कट्ट्यावर धारही त्यांनीच काढली, ग्लासंही त्यांनीच विसळली. मी जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक बेचकं पुसत होते, फुंकर घालत होते, तेल लावत होते. बाराव्या दिवशी नवी गुलाबी कातडी दिसली आणि मी गोठ्यातच ओरडले. तेलानं केलं की कोरड्या फडक्यानं, ते डॉक्टरांनी सांगावं. मी दोघांचेही उपकार मानते.

मग सकाळी गोठ्यात कोरड्या हातानं धार काढायला शिकले, आख्ख्या मुठीनं दाबत. या वयात! पहिले दोन दिवस मनगटं भरून आली. तिसऱ्या दिवशी म्हशीनं पान्हा सोडला तो असा की बादलीत फेस मावेना.

सोळाव्या दिवशी कट्ट्यावर बसले. दोन्ही हात पालथे-उताणे करून गिऱ्हाइकांना दाखवले. बघा, म्हटलं, काय बघायचंय ते बघून घ्या. ग्लासावर ग्लास भरत गेले. म्हैस डोळे मिटून उभी. बाजाराचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. खरं सांगते, लग्नात मिरवले नसेन एवढी त्या संध्याकाळी मिरवले.

गर्दी ओसरल्यावर मालक ग्लासांच्या बादलीपासून उठले आणि माझ्याशेजारी येऊन बसले. मग कुणी बघत नाही ना ते बघून त्यांनी ओला हात माझ्यापुढं धरला. बोटांची बेचकी पांढरी पडलेली.

"ते तुजं खोबरेल," म्हणाले, "कुटं ठेवलंयस?"

मी कमरेचं फडकं काढून त्यांच्या हातावर टाकलं.

"आदी हात पुसा."