प्रयोगशाळेतले शिवदास तांडेल

आगरदांड्याच्या शिवदास तांडेलांची किशोरी मुंबईत विद्यापीठात आवाजावर संशोधन करते, हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. पण ते संशोधन म्हणजे काय, हे तिच्या बापालाही नीट सांगता येत नसे. "गाना शिकतंय काय पोर?" असं कोणी विचारलं की तांडेल म्हणत, "न्हाय रं, मशिनीला बोलाला शिकवतंय." आणि एवढं सांगून गालात हसत.

ते सांगत ते खरंच होतं. घशाच्या कर्करोगामुळे ज्याचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्याचा आवाज तिच्या प्रयोगशाळेत आधी ध्वनिमुद्रित करून ठेवत. संगणक त्यावरून नवा आवाज घडवी. मग माणसाने मोबाइलवर लिहायचं आणि मोबाइलने ते त्याच्या आवाजात बोलायचं. मराठीत हे जमवायला किशोरीने उमेदीची वर्षं घातली होती.

त्यातच तांडेलांचा आवाज बसला. होडीवर उभं राहून खाडीच्या या काठावरून त्या काठावर बोलणारा माणूस, तो कुजबुजल्यासारखा बोलू लागला. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, स्वरयंत्र काढावंच लागेल. किशोरी खूप रडली. रडून झाल्यावर तिच्या मनात आलं, निदान एक गोष्ट तरी आपल्या हातात आहे.

शस्त्रक्रियेआधी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. तांडेलांनी लग्नाकार्यात घालायचा पांढरा सदरा घातला होता, केस तेल लावून बसवले होते. आवाजबंद खोलीत ते परीक्षेला बसल्यासारखे बसले. किशोरीने समोर वाक्यांचा कागद ठेवला. पहिलं वाक्य त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून, खलाशाला हाक मारावी तसं म्हटलं.

"बाबा, हळू. आणि 'न्हाय' नको. लिहिलंय तसंच वाचा."

"चुकलं तर छडी देशील काय, मास्तरीणबाय?" ते हसले, खोकले आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागले. विद्यापीठात आलोय तर विद्यापीठासारखं बोलावं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आवाज घोगरा होता, पण प्रत्येक अक्षर घासूनपुसून लख्ख येत होतं.

कागद संपला. किशोरीच्या मार्गदर्शक सोनल मॅडम माइकवरून म्हणाल्या, "काका, आता काहीही बोला. घरी बोलता ना, तसं."

तांडेलांनी सदरा सारखा केला. "माझे नाव शिवदास. मी मच्छीमार आहे. समुद्र आमचा अन्नदाता आहे."

"किती शुद्ध बोलतात गं तुझे बाबा!" मॅडम म्हणाल्या.

हे त्यांचं घरचं बोलणं नव्हे, तिथे त्यांना थांबवायला हवं, हे किशोरीला कळत होतं. पण अलिबागच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून 'आहे'ऐवजी 'हाय' गेलं आणि सगळा वर्ग हसला, ते ती विसरली नव्हती. आज तिचा बाप मॅडमसमोर छापल्यासारखा बोलत होता. तिला फार बरं वाटलं. तिने बोलू दिलं.

शस्त्रक्रिया पार पडली. आवाज तयार झाला. चाचणीत ऐकणाऱ्यांना खरा कोणता आणि यंत्राचा कोणता, हे सांगता आलं नाही. त्या ऐकणाऱ्यांतलं कोणीही शिवदास तांडेलांना ओळखत नव्हतं.

किशोरी मोबाइल घेऊन घरी आली, तेव्हा तिची आई वेणूबाई पडवीत बोंबील निवडत होत्या. तांडेलांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं आणि बटण दाबलं.

"वेणू, मला भूक लागली आहे."

वेणूबाईंनी दाराकडे पाहिलं. "कोन आयलाय गो?"

"आये, बाबा बोलले."

"हे?" वेणूबाई हसल्या. "अवो बँकेचं सायब, बसा खुर्चीवर. चाय घेनार काय?"

तांडेलही खांदे हलवून हसले. दोन-चार दिवस ही थट्टा चालली. मग एकदा त्यांनी आपल्या बोलीत लिहून पाहिलं, "भूक लागली हाय गो वेने." मोबाइल ते बोलला, पण मालिकेतला नट कोळ्याची नक्कल करतो तसा. वेणूबाईंच्या हातातला बोंबील तसाच राहिला.

"किशे, बंद कर ते. माज्या नवऱ्याची चेष्टा न्हाय करायची माज्या घरात."

बाबांच्या घरच्या बोलण्याचा एखादा स्वच्छ नमुना मिळावा म्हणून किशोरीने सगळं धुंडाळलं. लग्नाच्या चित्रफितींत बँड होता, होडीवरच्या चित्रफितींत इंजिन होतं. बाबांनी कधी निरोप ध्वनिमुद्रित करून पाठवला नव्हता, ते सरळ फोन करत. आता पुन्हा ध्वनिमुद्रण करायला आवाजच उरला नव्हता.

याच कामाला देशभरातल्या विद्यार्थ्यांमधून पहिलं पारितोषिक मिळालं. समारंभात तांडेलांनी दोन शब्द बोलावेत, अशी मॅडमची इच्छा होती. किशोरी म्हणाली, "बाबा, नको. मी सांगते त्यांना." तांडेलांनी नकारार्थी मान हलवली आणि कपाटातून पांढरा सदरा काढायला वेणूबाईंना खूण केली.

मंचावर त्यांनी बटण दाबलं. वाक्य त्यांचं त्यांनीच लिहिलं होतं, किशोरीला दाखवलंही नव्हतं.

"माझ्या मुलीमुळे मला माझा आवाज परत मिळाला आहे."

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत वेणूबाई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी किशोरीच्या गालावरून हात फिरवला. "तुजा मान झाला, चांगला झाला. आता त्यांना गप ऱ्हाऊ दे, बाय."

तांडेलांनी खिशातून मोबाइल काढला आणि हळूच लेकीच्या पिशवीत ठेवला. ती "बाबा" म्हणेपर्यंत त्यांनी वेणूबाईंचा हात धरून पायऱ्या उतरायला सुरुवातही केली होती.

आतून मॅडम हाका मारत होत्या. सगळे फोटोसाठी थांबले होते. किशोरीने डोळे पुसले आणि ती आत जाऊन मधल्या जागी उभी राहिली.