चोवीस पावलं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, देवापुढेसुद्धा नाही — त्याला ठाऊक असणारच, म्हणून तिथेही गप्प. आता तुम्हाला सांगतेय, तेही देवनागरीत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी सगळे बोलतात, पण वाचणारे दोन-चार म्हातारेच उरलेत. मला आजोबांनी बळंच शिकवलं. तुळजाला कुणी शिकवलं नाही. म्हणजे हे तिच्या हाती पडलं तरी तिला वाचता येणार नाही. बघा, कबूल करतानाही मी आडोसा शोधलाच!

तुळजा आमच्या समोरच्या घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शाळेच्या मैदानावर तिला पळताना हेरलं मी, माझ्या प्रशिक्षक सरांकडे नेलं मी. एकोणिसाव्या वर्षी ती देशाच्या रिले संघात आली. चार बाय शंभर — तिसरी मी, चौथी ती. एका गल्लीतल्या दोघी एका संघात! लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं होतं. पण मी एकोणतिशीची. त्या वर्षीची परदेशातली स्पर्धा माझी शेवटची, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एवढं पाल्हाळ कशाला? मुद्द्यावर यायचा धीर होत नाही म्हणून.

रिलेत बॅटन घेणारीला आधीच पळत सुटावं लागतं. कधी सुटायचं ते कळावं म्हणून ती आपल्या जागेपासून मागे, टाचेला अंगठा लावत, पावलं मोजते आणि ट्रॅकवर चिकटपट्टी लावते. येणारीने ती पट्टी गाठली की हिने सुटायचं. मग मागे बघायचं नाही, नुसता हात मागे करायचा. सगळा मामला विश्वासाचा. आमची चोवीस पावलं ठरली होती, माझ्या पूर्ण वेगाला जुळणारी. मी हळू आले तर पावलं कमी करायला हवीत. नाहीतर ती पुढे निघून जाणार, बॅटन ठरल्या टप्प्याच्या बाहेर पडणार आणि अख्खा संघ बाद होणार.

अंतिम शर्यतीच्या दिवशी, अंग गरम करताना, माझ्या डाव्या मांडीत मागच्या बाजूला कळ आली. चालता येत होतं. पळताही येत होतं — पण पूर्ण नाही. राखीव मुलगी बूट बांधून तयार बसली होती. सरांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी गिळलं.

एवढंच असतं तर हाव सुटली म्हणून मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण तेवढ्यात तुळजा आली, हातात चिकटपट्टीचं रीळ. सर हातभर अंतरावर उभे होते. ते केरळचे; आमच्या मराठीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. म्हणून तर मैदानावर आम्ही सगळं घरच्या भाषेत बोलायचो.

"अक्का, चोवीसच ठेवूं की कमी करूं?" तिने विचारलं. असं ती कधी विचारत नसे.

एकवीस म्हटलं असतं तरी निभावलं असतं. सरांना पत्ताही लागला नसता. पण एकवीस म्हणजे माझा पाय गेला, हे तिच्यापुढे कबूल करणं. जिला मी बोट धरून मैदानावर आणलं, तिच्यापुढे?

"चोवीसच," मी म्हटलं. वर हसले — "भ्यायलीस की काय?"

ती अगदी बिनचूक सुटली. मी ओरडत राहिले, हात लांबवत राहिले. बॅटन तिच्या हातात गेलं तेव्हा टप्प्याची रेषा मागे पडली होती. पंचाचा पिवळा झेंडा वर गेला, संघ बाद.

सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझीच घाई झाली. मी शेजारी उभी होते. तोंड होतं मला. उघडलं नाही. 'ही पोर घाई करते' हा शिक्का तिच्यावर बसला तो बसलाच. रिलेच्या शिबिराला तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. दोन वर्षं दोनशे मीटर एकटी पळली, मग तेही सुटलं. आता इथल्याच एका कचेरीत कारकून आहे, पंचविशीत. मी मात्र हार घालून घेऊन मानाने निवृत्त झाले. शाळेत मुलींना खेळ शिकवते!

गेल्या शनिवारी शाळेत आम्हा दोघींना पाहुण्या म्हणून बसवलं होतं. एका मुलीने विचारलं, त्या शर्यतीत काय चुकलं? तिचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार — "वय लहान होतं तुळजाचं, घाई झाली." हसत हसत. मुलीही हसल्या. तुळजाने मान डोलावली. मी हादरले. खोटं इतकं सहज येतं मला? तिच्या देखत? कुणी विचारलंही नव्हतं मला, प्रश्न तिला होता.

परतताना तिने मला स्कूटीवर मागे बसवलं. मोठ्या देवळापाशी सिग्नल लागला. पुढे बघतच ती म्हणाली, "अक्का, त्या दिवशीं तुझा पाय दुखत होता, नव्हे?"

आणि मी काय म्हटलं असेल?

"कोठला पाय?"

"डावा," ती म्हणाली.

सिग्नल सुटला. घराशी मी उतरले. आत ये, कॉफी घे, एवढंही तिला म्हटलं नाही. सरांपुढे उभी होती तेव्हाही तिला ठाऊक होतं. सहा वर्षं ठाऊक होतं, आणि तरी तिने मला विचारून पाहिलं.

मी हो म्हटलं नाही. आज बुधवार. अजून म्हटलेलं नाही.