कापसाचं फडकं आणि बासष्ट प्रश्न: घाटंजीकडचे तीन दिवस

यवतमाळला मी गेले त्याचं खरं कारण म्हणजे फोटो. आमच्या संशोधन प्रकल्पाला दोन ‘पालक प्रतिनिधी’ हवे होते, कारण हल्ली निधी देणाऱ्यांना फोटोत पालक लागतात. पालक म्हणजे ज्यांचं बाळ पोटातच गेलं असे आईबाप. असे मृत्यू कसे टाळता येतील, आणि टळले नाहीत तर त्या घराशी दवाखान्यानं कसं वागावं, असा हा अभ्यास. तो त्याच आईबापांना सोबत घेऊन करायचा, अशी सध्याची पद्धत आहे. दुसऱ्या प्रतिनिधीनं तिसऱ्या बैठकीनंतर फोन उचलणं बंद केलं. उरले मी. बँकेतली नोकरी, पुण्यात दोन खोल्यांचं घर, आणि सहा वर्षांपूर्वी नवव्या महिन्यात गेलेली मुलगी, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली होती.

काम सोपं होतं. बैठकीत मान डोलवायची, चहा घ्यायचा, फोटोत मध्ये उभं राहायचं. नोव्हेंबरात बासष्ट प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली आणि छापण्याआधी ती ‘समाजाला दाखवणं’ बंधनकारक आहे असं कळलं. घाटंजी तालुक्यातलं एक गाव ठरलं. गावकऱ्यांनी ती पाहिली आणि मान्य केली, अशा कागदावर पालक म्हणून मी सही करायची होती. दाखवणं आणि विचारणं यात फरक असतो हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे मी आनंदानं चार दिवस रजा टाकली.

तुम्हाला जायचं असेल तर मार्ग असा: पुण्याहून नागपूरकडची गाडी पकडून सकाळी धामणगावला उतरायचं, तिथून एसटीनं यवतमाळ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे आपण प्रवासाला निघालोय की कुणाच्या वऱ्हाडात शिरलोय हे कळू नये अशी गर्दी असते. यवतमाळ स्टँडच्या आसपास लॉज मिळतात. माझ्या लॉजमध्ये आठशे रुपयांत खोली, गरम पाण्याची एक बादली आणि भिंतीवर स्वित्झर्लंड होतं. सकाळी तर्री पोहे खा. तर्री म्हणजे वरून ओतलेला हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. पुण्यातल्या पोह्यांबद्दल मला असलेला अभिमान दुसऱ्या घासाला संपला. नोव्हेंबरात थंडी छान असते आणि घाटंजीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पांढरा झालेला कापूस दिसतो. रस्ता बरा आहे, म्हणजे जिथे आहे तिथे बरा आहे.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचा समन्वयक अनिकेत गाडी घेऊन आला. वय अठ्ठावीस, शिक्षण परदेशात, स्वभावानं गरीब. सकाळी अकराला गावच्या समाजमंदिरात मेळावा होता. बॅनर लागला होता, खुर्च्या होत्या, माईक होता. बायका नव्हत्या. कापसाच्या ऐन वेचणीत सकाळी अकराला बायकांचा मेळावा ठेवायला बरंच उच्च शिक्षण लागत असावं. गावच्या आशा सेविका वंदनाताई खुर्च्यांकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांनी महिनाभर आधीच संध्याकाळची वेळ सुचवली होती म्हणे. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं की संध्याकाळी फोटोला उजेड राहत नाही.

मग वंदनाताई मला शेतात घेऊन गेल्या. अनिकेत रिकाम्या खुर्च्या सांभाळत थांबला. शेतात सात-आठ बायका रांगेनं पुढे सरकत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला फडकं बांधलेलं, पुढून पोटावर झोळीसारखं लोंबणारं. दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढायचा आणि त्यात टाकायचा. मीही बांधून पाहिलं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसतात, पाठ दहा मिनिटांत बोलायला लागते, आणि अर्ध्या तासाची माझी कमाई एका उशीलाही पुरली नसती. माझ्या शेजारच्या रांगेत पुष्पा होती, पलीकडच्या तांड्यावरची, पंचविशीची. तिचं फडकं माझ्यापेक्षा जास्त पुढे आलेलं दिसलं. मला वाटलं कापूस जास्त आहे. वंदनाताईंनी हळूच सांगितलं की पाचवा महिना आहे, आणि गेल्या वर्षीचं बाळ आठव्यात पोटातच गेलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती का, असं मी विचारलं. सांगितली होती, त्या म्हणाल्या, पण त्या दिवसांची मजुरी कोण देणार ते नव्हतं सांगितलं.

पाच वाजता समाजमंदिरात बायका आल्या, हातपाय धुऊन, काही नवऱ्यांसह. नवऱ्यांना आमच्या तरुण स्वयंसेवकांनी बाहेर पारावर बसवलं, कारण मेळाव्याचं नाव ‘माता मेळावा’ होतं. बाळ आईचंच होतं, बापाचा त्यात काय संबंध.

आणि मग आमच्या संस्थेनं कमाल केली. महिलांचा कार्यक्रम म्हटला की ऑफिसात एक सामान ठरलेलं असतं, त्यामुळे कुणी डोकं न चालवता तेच पाठवलं होतं: खण, नारळ, तांदूळ. ज्यांची बाळं गेली त्यांची ओटी भरायची, तीही मंचावर, बॅनरसमोर. पहिला खण माझ्याच मांडीवर आला. सातव्या महिन्यात माझी भरली होती तशीच. मी हसत राहिले, कारण फोटो चालला होता, आणि आतून मला अशी चीड आली की तो नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावा. पुढचा खण पहिल्या रांगेतल्या शोभाबाईंनी हातानं मागे सारला. साठीच्या आसपासच्या, बौद्ध वस्तीतल्या, वंदनाताईंच्या शब्दात सांगायचं तर गावातलं सगळ्यात खणखणीत माणूस.

“आमच्यात ओटी नाही भरत, बाई,” त्या म्हणाल्या. “नारळ तेवढा राहू द्या. चटनी होईन.”

बायका हसल्या. उरलेले खण मुकाट्यानं पिशवीत परत गेले आणि मेळावा एकदाचा माणसांचा झाला.

अनिकेतनं प्रश्नावली वाचायला घेतली. लोहाच्या गोळ्यांवर सात प्रश्न, शौचालयावर चार, मोबाईलवर तीन. सतरावा प्रश्न होता: गर्भाच्या हालचाली आपण दिवसातून किती वेळा मोजत होता? एकपासून दहापर्यंत चौकोन. पुष्पा भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं की हे वेचणीच्या दिवसांचं विचारता की घरच्या. अनिकेतला प्रश्न कळला नाही. मलाही नाही.

“मोजाले कोन बसते, सर,” ती म्हणाली. “फडकं हालते न. पोटावर कापूस असला का लेकरू लाथ मारते, तं कापूस हालते. सकाळी हालत होता. दुपारी फडकं भरलं तरी शांत. मले तवाच समजलं.”

पुढचं तिनं एका दमात सांगितलं, रडत नव्हती. शेतमालकिणीला सांगितलं, ती म्हणाली एवढी रांग पुरी कर. सासूला सांगितलं, ती म्हणाली लेकरू थकलं असेल, झोपलं असेल. दुसऱ्या दिवशी नवरा एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या खिडकीतल्या माणसानं सोमवारी या म्हणून सांगितलं. दवाखान्याचं नाव तिनं घेतलं, मी इथे लिहीत नाही. सोमवारी सोनोग्राफी झाली तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढ्यात दारातून तिचा नवरा संजय आत आला. तो पारावरून सगळं ऐकत होता. खड्डा त्यानं एकट्यानं खणला, असं तो म्हणाला, आणि पुष्पानं बाळ पाहिलंच नाही, कारण नर्सनं कपड्यात गुंडाळून थेट त्याच्या हातात दिलं. तिनं बघायला मागितलं होतं. हे कोणत्या नंबरच्या प्रश्नात येतं, असं त्यानं अनिकेतला अगदी साधेपणानं विचारलं. अनिकेतनं पानं उलटली. येत नव्हतं.

मग पुष्पानं माझ्याकडे पाहिलं. माझी ओळख माईकवरून ‘आपल्यासारखीच एक माता’ अशी करून दिली गेली होती.

“ताई, तुमी कोनाले सांगतलं होतं? हालून नाही राह्यलं म्हनून?”

सहा वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही, चार बैठका घेतलेल्या समितीनं तर नाहीच. “डॉक्टरांना,” मी म्हणाले. खोटं बोलले. इतक्या पटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. पुष्पानं मान हलवली. शहरात बरं आहे, ती म्हणाली, सांगितल्यावर ऐकतात तरी.

तिची मागणी सरळ होती. गोळ्यांचं काय विचारायचं ते विचारा, पण हलायचं थांबलं तेव्हा कुणाला सांगितलं आणि तो काय म्हणाला, हे पहिलं विचारा. तिला हे अभ्यासासाठी नको होतं. तिला मार्चमध्ये बाळ होणार होतं. हा प्रश्न घेऊन सर्वेक्षणाच्या पोरी घरोघरी फिरल्या तर सासू ऐकेल, मालकीण ऐकेल, खिडकीतला माणूस ऐकेल, की या वेळी त्याच दिवशी निघायचं असतं. बाकीच्या बायकांनी लगेच भर घातली: फडक्याचं विचारा, बाळ दाखवलं का ते विचारा, बापालाही विचारा. अनिकेतनं अत्यंत नम्रपणे समजावलं की प्रश्नावली मंजूर झालेली आहे, बदल करायचा तर पुन्हा समितीकडे जावं लागेल, तीन महिने लागतील.

“मंग तीन महिन्यानं या,” शोभाबाई म्हणाल्या. “माहं लेकरू जाऊन तीस वर्सं झाले. इतके दिवस कोनी आलं नाही, तं अजून तीन महिने काहून जड जाईन?”

अनिकेतनं मान्यतेचा कागद माझ्यापुढे सरकवला, पण त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते. पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याला परत जाऊन प्रकल्पप्रमुख साहेबांना तोंड दाखवायचं होतं. मी सही केली नाही. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. समोर पंचवीस बायका बसलेल्या असताना सही करण्याचं धाडस माझ्यात नव्हतं, एवढंच. शेवटी अनिकेतनंच पेन काढलं आणि प्रश्नावलीच्या कोऱ्या पाठीवर त्या सांगतील तसं लिहायला लागला. तासाभरानं वंदनाताईंच्या घरी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि शोभाबाईंनी खरोखर पाठवलेली नारळाची चटणी आम्ही खाल्ली. सबंध प्रवासातलं हे सगळ्यात चांगलं जेवण, आणि ते कुठल्याच हॉटेलात मिळणार नाही.

तिसऱ्या दिवशी परतीला मी दारव्ह्यावरून मूर्तिजापूर गाठलं. हा मार्ग वेळ भरपूर असलेल्यांनी घ्यावा. दारव्ह्याला जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरणं म्हणजे काय याची तिथली व्याख्या उदार आहे. बाजाराचा दिवस होता. माझ्या मांडीवर कुणाचीतरी सोयाबीनची पिशवी आणि पायाशी दोन कोंबड्या होत्या. शेजारच्या आजींनी कुठल्या गावाला गेलतीस म्हणून विचारलं. मी सांगितलं, अभ्यासाला. कुणाच्या, त्यांनी विचारलं.

पुण्यात आल्यावर समितीनं तीन महिने म्हटलं आणि अडीचमध्ये केलं, हे कौतुकानं नोंदवते. सुधारित प्रश्न असा आला: ‘कृषिविषयक श्रम करताना उदरावरील वस्त्रामध्ये गर्भाच्या हालचालीची अनुभूती न्यून झाल्याचे आढळले काय?’ मी तो अनिकेतला फोनवर वाचून दाखवला. मग आम्ही दोघांनी मिळून पुष्पाचे शब्द परत घातले आणि सतराव्याचा पहिला प्रश्न केला: हलायचं थांबलं तेव्हा कुणाला सांगितलं? ते काय म्हणाले? बापासाठी वेगळं पान जोडलं. बाळ दाखवलं का, हेही घेतलं. साहेबांनी ते मंजूर केलं आणि पुढच्या सादरीकरणात ही आपली कल्पना म्हणून मांडलं. असो.

फेब्रुवारीत एका दुपारी वंदनाताईंचा फोन आला. शेवटची वेचणी चालू होती आणि नको म्हणत असताना पुष्पा गेली होती. फडकं शांत वाटलं. या वेळी तिनं रांग अर्ध्यात सोडली. सासूनंच हाक मारून संजयला बोलावलं आणि तासाभरात ती दवाखान्यात होती. ठोके व्यवस्थित होते. बाळ झोपलं होतं, सासू मागच्या वेळी म्हणाली होती तसंच. मालकीण आता तिला चिडवते म्हणे. वंदनाताई शेताच्या बांधावरूनच बोलत होत्या, म्हणून मी पुष्पाशी बोलायला मागितलं. ती खुशीत होती. खोटं निघालं तरी चालते, ती म्हणाली, उद्या पुन्हा शांत वाटलं तर पुन्हा जाईन.

तेव्हा मी तिला सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले होते. मार्चअखेर होती, बँकेत मान वर काढायला वेळ नव्हता. सकाळपासून शांत वाटत होतं आणि मी ठरवलं की संध्याकाळी बघू. खिडकीतला माणूस नव्हता, सासू नव्हती, मालकीण नव्हती. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होता. मी कुणालाच सांगितलं नाही, आणि नंतर सहा वर्षं हेही कुणाला सांगितलं नाही.

पलीकडे वेचणाऱ्या बायकांचे आवाज येत होते. पुष्पा म्हणाली, “तं ते लिहा न, ताई. फारम तुमालेही आहे का नाही?”

होता. पालक प्रतिनिधीनं स्वतः फॉर्म भरायचा असतो हे कुणाला सुचलं नव्हतं, मला तर नाहीच. त्या रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी बासष्टचे अडुसष्ट झालेले प्रश्न ओळीनं सोडवले. बापाचं पान नवऱ्यापुढे ठेवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि पेन मागितलं. मुलगी दिसायला कशी होती हे त्या पानावर मी पहिल्यांदा वाचलं. माझ्या पानावर त्या पहिल्या प्रश्नापुढे एकच ओळ मोकळी आहे. ती मला पुरली. ‘कुणालाही नाही’ असं लिहिलं, आणि खाली बाळाची आई म्हणून सही केली.