एक घर तरी सरक

कोल्हापुरात रोज हजारो लोक एकमेकांना ‘कसं वाटलं?’ असं विचारतात आणि मिळेल त्या उत्तरावर समाधान मानून घरी जातात. हा प्रश्न विचारून उत्तरावर कधीच विश्वास न ठेवणारा माणूस या शहरात एकच होऊन गेला. तो म्हणजे आमच्या अक्काचा नवरा, आमचे दाजी.

दाजी शाहूपुरीतल्या एका कंपनीत होते. दुकानांना आणि दूधसंस्थांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून देणं हा कंपनीचा धंदा. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांना पुण्याला प्रशिक्षणासाठी पाठवलं आणि परत येताना ते एक प्रश्नावली घेऊन आले. वापरणाऱ्याला प्रोग्रॅम कसा वाटला, हे मोजण्यासाठी तिच्यात दहा ठरलेली वाक्यं होती. एक कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं, अशी आलटून पालटून. म्हणजे न ऐकता मान डोलावणारा बरोबर सापडावा. प्रत्येक वाक्यापुढे पाच घरं. एका टोकाला ‘पूर्ण सहमत’, दुसऱ्या टोकाला ‘पूर्ण असहमत’ आणि मधोमध ‘तटस्थ’. या वाक्यांतला एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही, असा दाजींचा दंडक. “मेव्हणं, किलोचं माप कुणी घासतंय का? मग ह्येला कशाला हात लावायचा?” असं ते मला विचारत. वाक्यात ‘प्रणाली’ हा शब्द होता, त्यामुळे दाजींच्या जगात हळूहळू सगळ्याच गोष्टी प्रणाली झाल्या. एकदा न्हाव्याच्या दुकानात त्यांनी शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला विचारलं, “ही प्रणाली मला वारंवार वापरायला आवडेल. सहमत की असहमत?” त्या गृहस्थानं गळ्यावरच्या वस्तऱ्याकडे पाहिलं आणि “पूर्ण सहमत” म्हणाला. दाजींनी ते उत्तर बाद केलं. दबावाखाली दिलेलं उत्तर धरायचं नसतं म्हणे. माझ्या लग्नात तर हार घालायला म्हणून स्टेजवर आले आणि सासऱ्यांच्या देखत मला विचारून मोकळे झाले, “ही प्रणाली चालवायला मला जाणकाराची मदत लागेल. बोला मेव्हणं, सहमत?”

पण दाजींचा खरा पराभव केला तो गडमुडशिंगीनं. तिथल्या एका दूधसंस्थेत कंपनीचा प्रोग्रॅम बसवला होता. दाजी भर उन्हात स्कूटरवरून गेले, मलाही सोबत नेलं. संस्थेच्या सेक्रेटरींसमोर बसून त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, “ही प्रणाली वापरायला सोपी आहे.”

“व्हय की. पूर्ण सहमत.”

“ही प्रणाली विनाकारण गुंतागुंतीची आहे.”

“व्हय, ती बी हाय.”

“अहो, दोन्ही कसं असंल? सोपी हाय म्हणालासा न्हवं आत्ता?”

“पावणं, तुम्ही एवढं उन्हाचं आलाय. तोंडावर न्हाय कसं म्हणायचं? लिवा सहमत. आरं, च्या आण रं पावण्यांना!”

दहाही वाक्यांना संस्था पूर्ण सहमत होती. असं झालं की कौतुक आणि तक्रार एकमेकांना खाऊन टाकतात आणि शंभरापैकी बरोबर पन्नास गुण पडतात. पुढच्या गावीही पन्नास, त्याच्या पुढच्या गावीही पन्नास. दाजी हताश झाले. मालकांनी मात्र पेढे मागवले. “पन्नास म्हंजे पास की वो!” आणि आठवड्याभरात कंपनीच्या जाहिरातीत ‘ग्राहकांचे समाधान, मोजून सिद्ध’ असं छापून आलं.

अख्ख्या जिल्ह्यात भीड न धरता उत्तर देणारं एकच माणूस दाजींना भेटलं, ते म्हणजे आमची अक्का. लग्नाच्या वाढदिवसाला सकाळी दाजी तिला दहा वाक्यं वाचून दाखवत. ती भाकरी थापता थापता, मागे वळूनही न पाहता, दहाही वेळा “तटस्थ” म्हणे. त्याचेही गुण पन्नासच होतात. दाजींनी मिक्सर आणला, साडी आणली, एका वर्षी म्हैसूर दाखवून आणलं. उत्तर तटस्थच. “अगं, एक घर तरी सरक,” ते अगदी काकुळतीला येऊन म्हणत. “असहमत म्हण, पण सरक.” बाहेर गावंच्या गावं मोजणारा हा माणूस तेवढ्या एका घरासाठी वर्षभर झुरायचा.

गेल्या वर्षी दाजी दवाखान्यात होते. लग्नाच्या वाढदिवसाला अजून महिना होता, पण एका दुपारी त्यांनी अक्काला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “अवंदा जरा लवकर विचारतो.” ठरलेल्या शिस्तीतलं काही मोडताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अक्का त्यांच्या अंगावरची चादर नीट करत म्हणाली, “आत्ता न्हाय. तारीख आली की विचारा. घरी चला, मग सांगते.”

ते घरी आले नाहीत.

तेरावा दिवस झाल्यावर न राहवून मी अक्काला म्हणालो, “सांगून टाकायचं होतंस गं त्यांना.”

“काय सांगायचं? सगळं मनासारखं हाय म्हणून?” ती म्हणाली. “ते तर पहिल्याच साली सांगितलं असतं की. मग दुसऱ्या साली कशाला विचारलं असतं त्यांनी?”

वाढदिवसाच्या सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती चुलीशी पाठमोरी होती, तव्यावर भाकरी होती. मी विचारलं, “कसं चाललंय अक्का?”

“बरं हाय,” ती मागे न वळता म्हणाली.

दाजींचा मेव्हणा असल्यामुळे मी त्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही. पाट ओढला आणि तिथंच बसून राहिलो.