दाबून धरलेलं बटण

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरची माणसं म्हणतात. खरं आहे ते. पण त्या रागाची मलाच धास्ती कधीपासून बसली, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तोंडाने सांगणं जमत नाही, म्हणून लिहून टाकतो.

साठ सालाच्या पुढेमागे पोलादपूरच्या वरच्या अंगाला घाटातला रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. मी महाडला राहून सातवी पास झालेला, म्हणून साहेबाच्या हाताखाली कारकून लागलो होतो. माझा काका त्याच कामावर राखणदार होता. बाप गेल्यावर यानेच मला वाढवलं. डोंगरमाथ्यावरच्या आमच्या वाडीत त्याची वरी-नाचणी आणि तीन म्हशी, एवढाच त्याचा संसार. मला शिकायला खाली धाडलं तेही त्यानेच.

सुरुंग उडवायचा तर रस्ता दोन्ही अंगांनी अडवावा लागे. रस्ता एका खोल नाळीला, म्हणजे घळीला, वळसा घालून जात होता. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात सुरुंग, नाळीच्या अलीकडे साहेब आणि मी, पलीकडे काका. समोरासमोर पाहिलं तर माणूस दिसायचा, पण रस्त्याने जायचं तर मैलभर चाल. आधी झेंडे दाखवून काम चाले. पण नाळीत धुकं भरलं की झेंडा कसला दिसतोय! शेवटी साहेबाने कुठून तरी दोन वायरलेसचे डबे आणवले. लढाईत वापरून उरलेले, विटेहून लांब आणि चांगले जड, गळ्यात अडकवायला पट्टा.

साहेबाने आम्हाला ते समजावून सांगितलं. वरची कांडी ओढून बाहेर काढली की डबा चालू. कडेचं बटण दाबून बोललं की आवाजाच्या विजेच्या लाटा होतात आणि कांडीतून बाहेर पडतात. पलीकडच्या डब्याची कांडी त्या झेलते आणि त्यांचा परत आवाज होतो. तार नको, खांब नको. जोर मात्र मैलभराचाच, आणि मधे डोंगराची सोंड आली की लाट तिथेच अडते. शिवाय दोघांना मिळून वाट एकच, म्हणून एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने ऐकायचं. बटण दाबलेलं आहे तोवर डबा नुसता बोलतो, त्याला काही ऐकू येत नाही. सोडलं की ऐकू येतं.

मला ते पटकन कळलं. काकाला कळेना, आणि का कळत नव्हतं ते मला तरी कळायला हवं होतं. आमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर बोलावायचं तर कुकारी देतात. दोन्ही पंजे तोंडाशी धरून लांबलचक ‘कूऽऽ’ अशी आरोळी. ती ऐकली की माणसाने असेल तिथे उभं राहायचं आणि तशीच उलटी कुकारी द्यायची. आणि देणाऱ्याने उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही. मधेच थांबला तर ऐकणारा समजतो, याचं काहीतरी बरंवाईट झालं. काकाने जन्मभर हेच केलेलं. गप्प बसल्यावर उत्तर येतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

तिसऱ्यांदा त्याने विचारलं, सोडलं तर हाक तुटेल, मग तुला कळणार कसं मी हाय का नाय? माझं डोकं फिरलं. साहेब उभा, चार गडी उभे, आणि आपला काका असा अडाण्यासारखा विचारतोय याची मला लाज वाटली. मी त्याच्यावर खेकसलो, “मग दाबून धरा आणि बसा!”

गडी हसले. डबा गळ्यात अडकवून काका पलीकडे चालू लागला.

दुपारी सुरुंग भरून झाला. डब्यातून काकाचा आवाज आला, रस्ता मोकळा हाय. साहेबाने हात केला, सुरुंगवाल्याने वात पेटवली आणि तो धावत आमच्याकडे आला. वात चार मिनिटांची होती. आता मी ‘बत्ती दिली’ असं कळवायचं आणि काकाने खडकाआड बसायचं. मी बटणावर अंगठा ठेवला, तेवढ्यात डबाच बोलायला लागला.

“थांबव रे. बत्ती देऊ नको. आपली म्हैस रस्त्यावर उतरलीय, तिला मागं आणतो. ऐकतोस ना? ओ दे.”

मी बटण दाबून ओरडलो, मागं फिरा, बत्ती लागलीय. अंगठा उचलला तर त्याचं चालूच होतं. थांबव रे, ओ दे रे, थांबव रे. मधे त्याची धाप, चपलांचा आवाज, म्हशीच्या गळ्यातली घंटा. तो सुरुंगाच्या दिशेने चालत होता आणि माझ्याकडे उत्तर मागत होता. बटण तो सोडणार नव्हता. मीच सांगितलं होतं ना, दाबून धरा म्हणून.

मी धावत सुटणार, तर साहेबाने मागून सदरा धरला. सुरुंगवाला म्हणाला, आता वातीजवळ कुणी पोचत नाही. साहेबाच्या हातात घड्याळ होतं. तो म्हणाला, दीड मिनिट राहिलं. माझ्या हातातला डबा अजून ओ मागतच होता. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि तिच्यात माझा स्वतःचा संताप मिसळलेला होता.

मग मी डबा गळ्यात सोडून दिला, दोन्ही पंजे तोंडाशी नेले आणि नाळीच्या काठावर उभं राहून छाती फुटेस्तोवर कुकारी दिली.

पलीकडे काकाचं पांढरं मुंडासं जागच्या जागी थांबलं. जन्माची सवय. उलटी कुकारी द्यायला त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि माझ्या छातीवरचा डबा एकदम गप्प झाला. त्याचं बटण सुटलं होतं. मी माझं दाबलं.

“काका, बत्ती लागलीय! मागं पळा!”

मुंडासं वळलेलं मी पाहिलं. नंतर धमाका झाला, दगड उडाले आणि सगळी नाळ धुळीने भरून गेली. पलीकडचं काहीच दिसेना.

मी बटण दाबलं. काका, ओ द्या. काका, आहात ना? ओ द्या हो. काहीच येईना. मी परत परत हाका मारत राहिलो. साहेब शेजारी उभा राहून काही सांगत होता, ते माझ्या कानात शिरत नव्हतं. गप्प बसलो तर तो मेलाच, असं मला वाटत होतं.

शेवटी साहेबाने माझा हात धरला आणि बटणावरचा अंगठा जोर लावून उचलला. डब्यातून लगेच आवाज आला, थकलेला, शांत.

“...कवाधरनं बोलतोय मी. जिता हाय. म्हैस गेली.” मग जरा थांबून, “मला म्हनलास दाबून धरा आणि बसा. तू कशापायी धरून बसलास रे?”

पुढे नुसती खरखर. त्याने बटण सोडलं होतं. मी काय बोलतो ते ऐकायला तो पलीकडे थांबला होता, आणि माझ्याच्याने बटण दाबवेना.